पट्टीकाकांची मरणोत्तर दुरुस्ती

दुपारचे तीन वाजले की आमच्या ड्रॉइंग हॉलमधली सगळी कामं बंद पडायची आणि वीस-पंचवीस माणसं एका रिकाम्या खुर्चीभोवती गोळा व्हायची. मागची माणसं पुढच्यांच्या खांद्यांवरून माना उंचावून बघायची. वरच्या मजल्यावरचे टायपिस्ट यायचे, शिपाई यायचा, जिन्याखालचा चहावाला किटली हातात घेऊनच यायचा. एकदा तर पाकीट द्यायला आलेला कुरिअरवाला सही घ्यायची विसरून तासभर तिथेच उभा राहिला. खुर्चीवर कुणी नसायचं. माउसला कुणाचा हात लागलेला नसायचा. आणि तरीही पडद्यावरचा बाण हलायचा.

आधी थोडा थरथरायचा. मग सरकत सरकत मध्यावर यायचा आणि काळ्या पडद्यावर एक पांढरी, सरळ रेघ उमटायची.

"आले, आले!" कुणीतरी पुटपुटायचं. मग हात जोडले जायचे.

खुर्ची पट्टीकाकांची होती. एकतीस वर्षं त्यांनी इमारतींचे नकाशे काढले. शर्टाच्या खिशात सहा इंची मोजपट्टी कायम असायची, म्हणून पट्टीकाका. चहाचा कप ठेवतानाही टेबलाच्या कडेपासून किती आत ठेवला हे बघणारा माणूस. एका सोमवारी सकाळी ते कामावर यायला निघाले आणि स्वतःच्याच घराच्या पायरीवर बसले, ते उठलेच नाहीत.

मी छपाईच्या खोलीत असते. संगणकावर काढलेले नकाशे मोठ्या कागदावर छापायचे, त्यांवर सह्या घ्यायच्या, एक प्रत बांधकामावर पाठवायची आणि एक आपल्या कपाटात ठेवायची, हे माझं काम. तेवीस वर्षांपूर्वी मी इथे आले तेव्हा मला नकाशा वाचायला काकांनीच शिकवलं. त्यामुळे ते गेले तेव्हा मी हॉलमध्ये सगळ्यांदेखत हंबरडा फोडला, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

आता आमचा मूर्खपणा सांगते. काका गेले तेव्हा त्यांचा संगणक चालूच होता. शनिवारी संध्याकाळी अर्धवट राहिलेला नकाशा त्यांनी जतन न करताच तसाच उघडा ठेवला होता. संगणक बंद केला तर त्यांनी ओढलेल्या शेवटच्या रेघा जातील, आणि जतन करायचं बटण दाबायचं तर त्यांच्या कामाला हात लावायचा कुणी? कुणाचाच हात धजेना. म्हणून तो संगणक आम्ही तसाच चालू ठेवला. पडद्यावर त्यांचं नाव तसंच, समोर त्यांची पट्टी. एखाद्याने निदान पासवर्ड तरी बदलायला हवा होता. आम्ही रडत बसलो.

त्यानंतर तीन आठवड्यांनी हॉलमधली सर्वांत धाकटी ड्राफ्ट्समन मुलगी किंचाळत माझ्या खोलीत आली.

"ताई, चला! दवाखान्याच्या छज्ज्याचा नकाशा बदललाय."

"मग बदलला असेल कुणीतरी."

"कुणीतरी नाही हो! खाली लिहिलंय, शेवटचा बदल पट्टीकाका. आज सकाळी अकरा वाजून सात मिनिटं!"

जाऊन पाहिलं तर खरंच तसं होतं. एका लहान दवाखान्याची इमारत उठत होती. तिच्या दारावर पुढे आलेला एक छज्जा होता, खाली खांब नसलेला. त्यातल्या लोखंडी सळ्यांमधलं अंतर शंभर मिलिमीटर होतं, ते दोनशे झालं होतं, म्हणजे सळ्या निम्म्याच. बदलणाऱ्याचं नाव काकांचं. अकराच्या सुमारास मी स्वतः त्या खुर्चीजवळून गेले होते. खुर्ची रिकामीच होती.

हॉलमध्ये एकेकाचे डोळे पांढरे झाले. तेवढ्यात आमचे साहेब केबिनमधून बाहेर आले.

साहेब म्हणजे नकाशे तपासणारे मुख्य इंजिनिअर. आवाज मऊ, बोलताना डोळे मिटायची सवय. त्यांनी पडदा पाहिला. क्षणभर त्यांचा चेहरा पडला, हे मला नीट आठवतं. त्या वेळी मला ते दुःख वाटलं. मग डोळे मिटून ते म्हणाले, "दुरुस्ती केलीय त्यांनी. काम अपुरं राहिलं होतं ना. आता या आकड्याला कुणी हात लावू नका."

आणि कुणीही लावला नाही. एरवी सळ्यांचं अंतर दुप्पट झालं असतं तर आमच्यातल्या चौघांनी तरी गणित मागितलं असतं. पण गणित मागायचं कुणाकडे?

दुसऱ्या दिवसापासून तीन वाजताचं दर्शन सुरू झालं. आधी साहेबांचं प्रवचन व्हायचं. "रेषेला लांबी असते, जाडी नसते. आत्म्याचंही तसंच. म्हणून आत्म्याला व्यक्त व्हायला रेषेसारखं शुद्ध माध्यम नाही." लोक माना डोलवायचे. याच साहेबांनी भिंतीची रेघ जाड, खिडकीची बारीक, यावरून अर्धं आयुष्य आमची डोकी खाल्ली होती. पण आता जाडी गेली होती.

"मी समोर असलो की ते संकोचतात," साहेब पुढे म्हणायचे. "आयुष्यभर त्यांचे नकाशे मी तपासले ना! मी आत ध्यानाला बसतो." मग ते केबिनमध्ये जायचे, दार लावायचे, काचेवरचे पडदे ओढून घ्यायचे. दोन मिनिटांत इकडे बाण हलायचा.

मध्ये साहेब चार दिवस रजेवर गेले. ते चारही दिवस बाण जागचा हलला नाही. म्हणजे काकाही रजेवर होते. हयातीत त्या बिचाऱ्याला सलग चार दिवस रजा कधी मिळाली नव्हती.

तर मला संशय आलाच नाही असं म्हणायची सोय नाही. आला होता. छज्ज्याचा सही केलेला जुना कागद माझ्याच कपाटात होता. उठून तो काढायचा आणि नव्याशेजारी ठेवायचा, एवढंच करायचं होतं. पण तोवर काकू यायला लागल्या होत्या.

काकू म्हणजे पट्टीकाकांच्या पत्नी. त्यांना कुणीतरी ही बातमी दिली. त्या दोन बस बदलून रोज यायच्या, खुर्चीशेजारी स्टुलावर बसायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी पर्समधून काकांचा चष्मा काढला आणि पडद्यासमोर ठेवला.

"चष्म्याशिवाय त्यांना जवळचं दिसत नाही," त्या आम्हाला म्हणाल्या. "घरीच राहिला होता."

मग त्या हळू आवाजात बोलायच्या. नळ गळतोय, दुरुस्त करून घेतला. मुलीचा फोन आला होता. त्या दिवशी पायरीवर बसलात तेव्हा खूप दुखलं का हो? आणि पडद्यावर अक्षरं उमटायची: शांत राहा. मी आहे. एक महिना ज्या बाईने जेमतेम दोन घास खाल्ले होते, ती बाई ती अक्षरं वाचून हसायची. हॉलमध्ये मी एकटी नाक मुरडत उभी असायचे आणि मनात म्हणायचे, जाऊ दे. कुणाचं काय बिघडतंय?

बिघडत काय होतं ते एका बुधवारी कळलं. छज्ज्याखालचे लाकडी आधार काढायचे होते. एक सुतार खाली उभा राहून शेवटचा टेकू ठोकून काढत होता. टेकू निघाला आणि त्याच्यामागोमाग छज्जा खाली आला. सुतार जागच्या जागी गेला.

चौकशीसाठी तिघांची समिती आली. साहेबांनी काय करावं? हॉलमध्ये डोळे मिटून म्हणाले, "पलीकडून अंतराचा अंदाज चुकतो. काकांचा हेतू शुद्ध होता." आणि समितीपुढे डोळे उघडे ठेवून म्हणाले, "बदल काकांच्या नावावर आहे. तारीख पुढची दिसते, ते यंत्राचं घड्याळ चुकलं असेल. शेवटच्या दिवसांत त्यांची तब्येत बरी नव्हती, त्यातच चूक झाली." म्हणजे आमच्यापुढे काका मेल्यावर चुकले होते आणि समितीपुढे जिवंतपणी. चूक त्यांचीच, एवढं दोन्हीकडे पक्कं. कालपर्यंत हात जोडणारी माणसं आता त्या खुर्चीला वळसा घालून जायला लागली.

शुक्रवारी सुताराची बायको काकूंच्या दारात उभी राहिली. शिवी दिली नाही, आरडाओरडा केला नाही. नुसतं म्हणाली, "तुमच्या माणसानं माझा माणूस मारला." आणि निघून गेली.

हे मला काकूंच्या शेजारणीने फोन करून सांगितलं. मी फोन ठेवला, कपाट उघडलं आणि तीन आठवड्यांपूर्वी जो कागद काढायला हवा होता तो तेव्हा काढला.

जुन्या कागदावर काकांची सही होती आणि अंतर शंभर. नव्या छापील प्रतीवर दोनशे. मी नव्या प्रतीवर पट्टी ठेवली. नकाशा वीसपट लहान काढलेला. दोन सळ्यांच्या रेघांमध्ये कागदावर पाच मिलिमीटर भरले. पाच विसा शंभर. पुन्हा मोजलं. शंभरच. म्हणजे रेघा तिथल्या तिथेच होत्या, फक्त आकडा बदलला होता. संगणक अंतर स्वतःच मोजून आकडा लिहितो. पण आळशी माणूस रेघ न हलवता वरून हवा तो आकडा टाइप करू शकतो. काकांनी एकतीस वर्षांत हे एकदाही केलं नव्हतं. कुणी केलं तर त्याला समोर बसवून सांगायचे, "आकडा खोटं बोलू शकतो, रेघ बोलत नाही. हलवायची तर रेघ हलव." मेल्यावर माणूस एवढा बदलतो का?

मी आमच्या संगणकांची देखभाल करणाऱ्या नेटवर्कवाल्याला बोलावलं. खिशात स्क्रूड्रायव्हर, तोंडात लवंग, असा हा माणूस महिन्यातून एकदा यायचा. त्याने काकांच्या संगणकातली एक यादी उघडली आणि कपाळाला हात लावला.

"ताई, दर वेळी येणं नको म्हणून मीच एक सोय करून ठेवली होती. एका संगणकावर बसून दुसरा चालवायची. तिथे बटण दाबलं की इथे बाण हलतो. तिचा पासवर्ड फक्त साहेबांकडे दिला होता." त्याने बोट ठेवलं. "हे बघा. दुपारी तीन, तीन, तीन. सगळं साहेबांच्या केबिनमधून. आणि हे पहिलं, सकाळी अकरा वाजून दोन मिनिटं. त्यानंतर पाच मिनिटांनी नकाशा बदलला."

"पण कशासाठी?"

त्याचं उत्तर मला बांधकामावरच्या मुकादमाने फोनवर दिलं. बांधकामावरची प्रत पावसात भिजून वाचेनाशी झाली होती, म्हणून सळ्या बांधताना त्याने साहेबांना अंतर विचारलं होतं. साहेबांनी दुसऱ्याच एका छज्ज्याचं अंतर सांगितलं, दोनशे. काँक्रीट ओतून झालं. मग साहेबांच्या ध्यानात आलं की नकाशात शंभर आहे. चूक कबूल करायची तर ओतलेला छज्जा फोडावा लागला असता. त्यापेक्षा नकाशाच बदलला, आणि तोही गेलेल्या माणसाच्या नावाने. आधी केलेलाच बदल वाटेल असा त्यांचा हिशेब होता. संगणक वेळही लिहून ठेवतो हे विसरले. धाकटी किंचाळली तेव्हा तो चेहरा दुःखाने पडला नव्हता. आणि आम्ही सगळ्यांनी मिळून चमत्कार म्हटलं, तेव्हा त्यांना पळायला वाट मिळाली. त्यांनी थाप मारली खरी, पण ती आम्ही त्यांच्या तोंडात घातली होती.

समितीकडे जाण्याआधी मी काकूंकडे गेले. त्या स्वयंपाकघरात ओट्याजवळच्या खिडकीत उभ्या होत्या. बोलायला सुरुवात कशी करावी ते मला कळेना.

"काकू, तो बाण..."

"माहीत आहे गं," त्या म्हणाल्या.

मी ओट्याला टेकले.

"चौथ्या दिवशी मी चष्मा मुद्दाम काचा खाली करून ठेवला. काचांना चरे पडतात म्हणून त्यांचा किती संताप व्हायचा. मी नुसती विसरले तरी ओरडायचे. तिथे अक्षरं आली, शांत राहा, मी आहे. मी म्हटलं, अहो, चष्मा! पुन्हा तेच, शांत राहा." त्यांनी डोळे पुसले. "ते असते तर आधी चष्मा सरळ करा म्हणाले असते."

"मग रोज का येत होतात?"

"बाण हलायचा ना गं," त्या म्हणाल्या.

मला रडू आवरेना. त्यांनीच मला पाणी दिलं. थोड्या वेळाने विचारलं, "एवढंच सांग. ती बाई म्हणाली तसं त्यांनी केलं नाही ना?"

"नाही काकू. त्यांचा आकडा बरोबर होता. माझ्याकडे सहीचा कागद आहे."

"मग उद्या मी येते."

दुसऱ्या दिवशी तीन वाजता साहेबांच्या सांगण्यावरून पुन्हा गर्दी जमली. समितीतल्या एका बाईंना आणि नेटवर्कवाल्याला मी बोलावून मागे उभं केलं होतं. साहेबांनी नेहमीपेक्षा मऊ आवाजात सांगितलं, "आज काका क्षमा मागणार आहेत. त्यांना मोकळं होऊ द्या." आणि आत जाऊन पडदे ओढले.

बाण हलला. अक्षरं उमटायला लागली. मला क्ष

काकू स्टुलावरून उठल्या. वाकल्या, संगणकाच्या मागे हात घातला आणि मी आधीच दाखवून ठेवलेली नेटवर्कची तार उपटून काढली.

पडद्यावरचा बाण जागच्या जागी थांबला. हॉलमध्ये कुणी श्वासही घेईना. आणि त्या शांततेत केबिनमधून आवाज आला: टक, टक, टक टक. साहेब आत बसून टाइप करत होते. अजून पाचेक सेकंद केलं त्यांनी. मग त्यांनाही शांतता ऐकू आली. काचेवरचा पडदा दोन बोटांनी बाजूला झाला, आणि पंचवीस माणसांनी त्यांना कीबोर्डवर हात ठेवलेले पाहिलं.

"आत्म्याला तार लागते का हो साहेब?" चहावाल्याने विचारलं. कुणीही हसलं नाही.

नेटवर्कवाल्याने तार परत लावली आणि स्वतःच्या लॅपटॉपवरून बाण गोल फिरवून दाखवला. मी दोन्ही कागद टेबलावर पसरले आणि काकांचीच पट्टी घेऊन सगळ्यांसमोर मोजलं. समितीच्या बाईंनी ते दोन्ही कागद, ती यादी आणि साहेबांना बरोबर घेऊन दार लावलं. पुढचं काम त्यांचं होतं.

काकू मात्र अजून पडद्याकडे बघत होत्या. मी साहेबांचं पान बंद केलं. त्याखाली शनिवारचा नकाशा तसाच होता. दवाखान्याची एक खिडकी, चारी बाजूंची मापं लिहिलेली, एक झडप काढलेली, दुसरी काढायची राहिलेली. एवढ्यासाठी तो संगणक आम्ही दीड महिना चालू ठेवला होता.

"छापून दे," काकू म्हणाल्या.

मी छापून दिला. त्यांनी कागदाची गुंडाळी केली, चष्मा पुसून डबीत ठेवला. मग स्वतःच बटण दाबलं. पडदा काळा झाला. इतके दिवस ऐकून ऐकून कानांना सवय झालेली पंख्याची घरघर थांबली, तेव्हा कळलं की आता काका गेले.

त्या आठवड्यात आम्ही कुलूप बसवलं. आता सह्या झाल्या की नकाशावर डिजिटल सहीचा शिक्का बसतो. दुसऱ्याला बघायला, मोजायला, छापायला मिळतो, पण एक टिंब जरी हललं तरी शिक्का तुटतो आणि तुटल्याचं उघडणाऱ्याला सांगतो. ज्याला बदल हवा त्याने नव्या क्रमांकाचा नकाशा काढायचा, स्वतःच्या नावाने, कारण लिहून. यात दैवी काही नाही. नेटवर्कवाला हे दोन वर्षं सांगत होता. आम्ही म्हणायचो, घरच्या माणसांत कुलूप कशाला?

महिन्याने सुताराची बायको माझ्या खोलीत आली. काकूंनी तिला सगळं सांगितलं होतं, पण तिला ते कागद स्वतः बघायचे होते. मी दोन्हींच्या नकला पुढे ठेवल्या. तिने एका आकड्यावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर.

"एवढंच?"

"एवढंच."

"आता कुलूप लावलंय म्हणतात. ते लावायला किती वेळ लागला?"

"दोन मिनिटं."

तिने जुना कागद जवळ ओढला. "आणि हा जुना कागद कुठे होता?"

मी कपाट दाखवलं. तिने माझ्या खुर्चीपासून कपाटापर्यंत नजर फिरवली. ते अंतर चार पावलांचं आहे. मग कागद माझ्याकडे सरकवून ती निघून गेली.

म्हणून हे लिहिलं. तुमच्याकडेही कधी रिकाम्या खुर्चीसमोर असा बाण हलेल. समोर कुणीतरी दुःखी माणूस हसत बसलेलं असेल आणि विचारणं निर्दयपणाचं वाटेल. तरी विचारा. हात जोडायच्या आधी मागची तार बघा, सहीचा कागद काढा, पट्टी ठेवा आणि मोजा. आमचा नकाशा बदलला त्या दिवशी छज्ज्याखालचे टेकू अजून तीन आठवडे उभे राहणार होते. तेवढ्यात कधीही मोजलं असतं तरी चाललं असतं.

मी मोजलं नाही.